वजीफा आणि वीज

उर्दूच्या तासाला 'वजीफा' हा शब्द आला की मुले चटकन 'स्कॉलरशिप' असा अर्थ सांगतात. अर्थ बरोबर आहे, पण पुरा नाही. मूळ अरबीत वजीफा म्हणजे ठरलेला वाटा, रोजचा शिधा. आणि ठरवून दिलेले कामही. आजच्या अरबीत तर वजीफा म्हणजे नोकरी. आपल्या घरातली वडीलधारी माणसे फजरनंतर नेमाने जे पठण करतात, त्यालाही वजीफाच म्हणतात. हैदराबादकडे निवृत्त माणसाला वजीफायाब म्हणतात. हाती येणारा पैसा आणि अंगावर घेतलेले काम, या दोन्ही गोष्टी या एकाच शब्दात राहतात.

या शब्दामागे मोठा इतिहास आहे. अकराव्या शतकात सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने बगदादला निजामिया मदरसा उभा केला. त्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले आणि तालिबे-इल्मांना राहायला जागा व वजीफा मिळे. इमाम गजाली तिथे शिकवत. शेख सादी यांनी 'बोस्तान'मध्ये निजामियातल्या आपल्या वजीफ्याचा उल्लेख करून ठेवला आहे. विचार साधा होता. ज्याला उद्याच्या भाकरीची चिंता आहे, त्याच्याकडून आज नीट अभ्यास होणार नाही. म्हणून समाजाने त्याचा वेळ मोकळा करून द्यायचा.

हाच विचार आपल्या काळात एका अगदी वेगळ्या क्षेत्रात पुन्हा दिसतो. ऊर्जा आणि पर्यावरण यांवर काम करणाऱ्या बिनसरकारी, ना-नफा संस्था तरुणांना फेलोशिप देतात. या फेलोशिपकडे आपली मुले नोकरीआधीची फावल्या वेळची गोष्ट म्हणून पाहतात. इतिहास पाहिला तर असे म्हणवत नाही.

पहिले उदाहरण इंग्लंडमधले. एमरी लोव्हिन्स हा अमेरिकन तरुण १९६९ साली ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात ज्युनिअर रिसर्च फेलो झाला. त्याला ऊर्जा या विषयावर डॉक्टरेट करायची होती. पण ऊर्जा हा काही स्वतंत्र विषय आहे, हेच विद्यापीठाला मान्य नव्हते. १९७१ साली त्याने फेलोशिप सोडली आणि 'फ्रेंड्स ऑफ द अर्थ' या पर्यावरण संस्थेचा ब्रिटनमधला प्रतिनिधी झाला. दोनच वर्षांनी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखले आणि ऊर्जा हा साऱ्या जगाचा विषय झाला. १९७६ साली लोव्हिन्सने 'फॉरेन अफेअर्स'मध्ये लेख लिहिला. मोठमोठी वीजकेंद्रे बांधत जाण्यापेक्षा आहे ती ऊर्जा काटकसरीने वापरणे आणि सूर्य-वाऱ्यासारख्या स्रोतांकडे वळणे हा वेगळा रस्ता आहे, असे त्यात मांडले होते. आज ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही सापडते. तेव्हा मात्र ती विद्यापीठाच्या चौकटीत बसत नव्हती, आणि अभ्यासाला जागा दिली ती एका पर्यावरण संस्थेने.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अमूल्य रेड्डी हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले नावाजलेले विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. १९७४ साली त्यांनी तिथे 'अस्त्रा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू केले. कर्नाटकातल्या खेड्यांत कोणती ऊर्जा किती वापरली जाते, याची घरोघर मोजणी केली. बहुतेक ऊर्जा विजेची किंवा रॉकेलची नव्हती, सरपणाची होती; आणि ते सरपण आणण्यात बायका-मुलांचे तासन्‌तास जात होते. सरकारी आराखड्यात वीज मोजली जात होती, हे तास कोणीच मोजले नव्हते. पुढे रेड्डींनी वीजनियोजनाचा प्रश्नच उलटा केला: 'किती वीज बनवायची' हे आधी ठरवायचे नाही, 'लोकांना उजेड, पाणी, शिजवणे यांसाठी काय लागते आणि ते सर्वांत स्वस्तात कसे पुरवता येईल' इथून सुरुवात करायची.

या विचाराचा धागा महाराष्ट्रात पोहोचला आणि थेट आपल्या कोकणाशी जोडला गेला. दाभोळ हे नाव आपल्याला जुने आहे. बहमनी आणि आदिलशाही काळातले हे मोठे बंदर. हजला जाणारी जहाजे इथून सुटत. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीने महाराष्ट्र सरकारशी बोलणी सुरू केली आणि 'दाभोळ पॉवर कंपनी' उभी राहिली. प्रकल्पाची जागा खरे तर खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाशी खरेदीचा करार झाला. तो लोकांसमोर ठेवला गेला नाही.

पुण्यात १९९४ साली 'प्रयास' ही संस्था स्थापन झाली. तिच्या ऊर्जा गटातले गिरीश संत हे आयआयटी मुंबईचे इंजिनिअर. पगाराची नोकरी त्यांना सहज मिळाली असती. त्यांनी आणि शंतनु दीक्षित, सुबोध वागळे या सहकाऱ्यांनी एन्रॉनचा करार कलमाकलमाने तपासला आणि १९९५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातला मुद्दा सामान्य माणसालाही कळेल असा होता. वीज घेतली नाही तरी मंडळाला केंद्राचे मोठे ठरीव भाडे भरावेच लागणार होते. हिशेब डॉलरशी बांधलेला, इंधन आयातीचे. म्हणजे रुपया घसरला किंवा तेल महागले की बोजा आपल्यावर. घोषणा देणारे तेव्हा पुष्कळ होते. आकडे मांडणारे थोडे होते.

पुढचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. १९९५ साली युती सरकारने करार रद्द केला, १९९६ साली फेरवाटाघाटी करून पुन्हा केला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलिसांनी पहाटे घरांत शिरून बायकांना ओढून नेले, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात नोंदलेले आहे. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत वीज मंडळाचे कंबरडे मोडले आणि २००१ च्या मेमध्ये खरेदी थांबली. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने या व्यवहारावर कडक ठपका ठेवला, आणि डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या काही तरुण अभ्यासकांनी कागदावर जे मांडले होते, ते डोळ्यांसमोर घडले.

इथे थांबून विचारावेसे वाटते, ते काम एरवी कोणी केले असते? कंपनीचे सल्लागार करणार नव्हते. मंडळाचे अधिकारी करू शकत नव्हते. कोणाच्याही नफ्याला न बांधलेला वेळ ज्याच्याकडे आहे, त्यालाच ते जमणार होते. गिरीश संत २०१२ साली ऐन उमेदीत वारले. त्यांच्या स्मरणार्थ 'प्रयास'ने तरुण संशोधकांसाठी फेलोशिप सुरू केली, ती म्हणूनच मला योग्य स्मारक वाटते. त्यांच्यासारखा वेळ दुसऱ्या कोणाला मिळावा, एवढीच तर गोष्ट आहे.

अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या संस्थेने २००८ पासून 'क्लायमेट कोअर' चालवली आहे. एमबीए वगैरे शिकणारे विद्यार्थी उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत बसतात आणि दिवे, वातानुकूलन, यंत्रे यांत ऊर्जा कुठे वाचेल ते शोधतात. त्यांना मानधन मिळते. हे काम उपयोगी आहे. पण दोन्हींतला फरक लक्षात ठेवायला हवा. एक फेलो वीजबिल कमी कसे होईल ते पाहतो. दुसरा हे बिल मुळात कोणी ठरवले, असे विचारतो. समाजाला दोघेही लागतात. दुसऱ्याला पैसे देणारे मात्र कमी भेटतात.

आता आपल्याकडे येऊ. अल्पसंख्य समाजांतल्या एमफिल-पीएचडी करणाऱ्या मुलांसाठी २००९ साली मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप सुरू झाली होती. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ती बंद केल्याचे लोकसभेत सांगितले. इतर योजनांशी ती सरमिसळ होते, असे कारण दिले. त्यावर आपण निवेदने दिली, ती द्यायलाच हवी होती. पण आपल्या हातात जे आहे, त्याचेही बोलू.

भिवंडीचे उदाहरण घ्या. यंत्रमागांचे शहर, मागावर आपलीच माणसे मोठ्या संख्येने. विजेचा दर अर्ध्या रुपयाने हलला तरी कारखान्याचे गणित हलते. २००७ पासून तिथले वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे आहे, आणि फ्रँचायझीचा असा प्रयोग देशात पहिल्यांदा तिथेच झाला. मालेगावातही माग आणि वीज यांचे नाते तसेच. जुन्या मागाची मोटर किती वीज खाते, छतावरची सौर पाटी कोणाला परवडते आणि कोणाला नाही, वीज नियामक आयोगापुढच्या सुनावणीत मागवाल्याचे म्हणणे आकड्यांसह कोण मांडते, हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. बाहेरचा अभ्यासक येऊन लिहील तेही चांगलेच. पण ज्या मुलीचे वडील रात्रपाळीला मागावर उभे असतात, तिला या प्रश्नातले जे आधीच माहीत आहे, ते बाहेरच्याला शिकायलाच वर्ष लागेल.

अडचण बुद्धीची नाही. जाहिरात इंग्रजीत असते, अर्ज इंग्रजीत असतो, आणि घरातली अपेक्षा असते की पदवी झाली की पोराने चार पैसे आणावेत. बिनपगारी इंटर्नशिप तर खात्यापित्या घरालाच परवडते. म्हणून मानधन किती, हा प्रश्न लाजण्याचा नाही. निजामियातल्या तालिबे-इल्मालाही तो होता.

आपल्या अंजुमनी आणि ट्रस्ट मेडिकल-इंजिनिअरिंगच्या फीला मदत करतात, ते चालूच राहावे. त्यातल्या एखाद्या ट्रस्टने वर्षाला एकच वजीफा असा ठेवावा, की पदवी झालेली मुलगी किंवा मुलगा एखाद्या ऊर्जा-अभ्यास संस्थेत दोन वर्षे बसेल आणि आपल्या गावच्या विजेचा हिशेब शिकेल. अट एकच असावी: जे सापडेल ते मराठीत आणि उर्दूत लिहून गावासमोर वाचून दाखवायचे. आम्ही शिक्षकांनी या फेलोशिपच्या जाहिराती उतरवून शाळा-कॉलेजच्या फलकावर लावाव्यात आणि अर्ज भरताना शेजारी बसावे. एवढे तर येत्या जूनपासूनच होण्यासारखे आहे.