हार्टफर्डचा हेन्री

न्यूयॉर्कहून गाडीने बॉस्टनला जाताना वाटेत हार्टफर्ड लागतं. विमा कंपन्यांचं गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. मेंदूच्या अभ्यासात मात्र या गावाचं नाव निघतं ते हेन्री मोलेसनमुळे.

हेन्रीला लहानपणापासून फिट्स येत. औषधं दाद देईनात, तेव्हा १९५३ साली हार्टफर्ड हॉस्पिटलमध्ये डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. हेन्री तेव्हा २७ वर्षांचा होता. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. जेवलो हे तो विसरे. रोजची माणसं त्याला रोज नवी! आई-वडील, बालपण मात्र आठवे. जुनं आठवणं आणि नवं साठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे शास्त्रज्ञांना त्याच्या दुर्दैवातून उमगलं. किंमत फारच मोठी मोजली त्याने.

ब्रेंडा मिल्नर मॉन्ट्रियलहून त्याला तपासायला येत. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईने फिरू लागला, पण हे आधी केल्याचं त्याला आठवतच नव्हतं. पेटी वाजवताना आपण ‘हात बसला’ म्हणतो ना, ती स्मृती वेगळीच, हिप्पोकॅम्पसवाचून चालणारी.

मग धडधाकट मेंदू ही दोन कामं आलटूनपालटून कशी करतो? बॉस्टन विद्यापीठाचे मायकेल हॅसेल्मो यांनी १९९०च्या दशकात एक कल्पना मांडली. अ‍ॅसिटाइलकोलीन हे रसायन वाढलं की मेंदू बाहेरचं नवं टिपतो आणि जुन्या आठवणी तेवढ्यापुरत्या मागे सारतो. ते उतरलं की आतलं वर येतं. गाढ झोपेत ते खूपच उतरतं, आणि दिवसभराचं शिकलेलं लोणच्यासारखं मुरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं! अल्झायमरमध्ये हेच रसायन घटतं. आपल्याकडच्या काही आजी-आजोबांना मिळणारं डोनेपेझिल ते टिकवून धरायचा प्रयत्न करतं. आजार मात्र त्याने बरा होत नाही.

एमआयटीच्या सुझान कॉर्किन यांनी हेन्रीचा चाळीसहून अधिक वर्षं अभ्यास केला. त्या आपल्या शाळेतल्या असाव्यात, असं त्याला वाटे. २००८ साली तो वारला, तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ म्हणून माहीत होता. पुढच्या वर्षी सॅन डिएगोत त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन केले गेले.