थंडीत सेल्फ ओढत नाही: कारण कोणतं, निमित्त कोणतं?

डिसेंबर-जानेवारीत पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णीला कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ थांबा. डिझेल गाडीची ठरलेली तक्रार कानावर येईल, "सकाळी सेल्फ ओढत नाही, थंडी पडलीय ना." तुम्ही इतिहासात संशोधन करणार असाल, तर या वाक्यातलं 'ना' तपासून बघण्यासारखं आहे. थंडीत घडलं म्हणजे थंडीमुळेच घडलं का?

आधी यंत्र समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. मात्र सुरू करताना ते जोरात फिरावं लागतं. हळू फिरलं तर हवेची उष्णता थंड लोखंडात निघून जाते.

हा वेग आणायचा कुठून? १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कंपन्यांची इंजिनं महाराष्ट्रात विहिरींवर पोचली. त्यातली बरीच हँडल मारून सुरू व्हायची. दाब सोडणारा दांडा उचलायचा, हँडलने जड चाकाला वेग द्यायचा आणि दांडा पाडायचा. इंजिन जड झालंय की दम कमी पडतोय, हे तिथल्या तिथे हाताला कळायचं. कारमध्ये हे काम बॅटरी आणि सेल्फकडे गेलं. १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली आणि डिझेल कार मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. पण हाताला कळणारी गोष्ट आता मोजावी लागते.

मोजण्याआधी तक्रार नीट ऐका. 'सेल्फ हळू फिरतो' आणि 'सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पेटत नाही' हे दोन वेगळे बिघाड आहेत. दुसऱ्यात हीटर प्लग किंवा डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा बघतात. पहिल्यात बॅटरी, टर्मिनल, अर्थची केबल, सेल्फची मोटर आणि ऑइल. दोन्हींना 'स्टार्ट होत नाही' म्हटलं की हीटर प्लग बदलूनही सेल्फ हळूच फिरत राहतो.

सेल्फ हळू फिरत असेल तर मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साधारण १० च्या बरीच खाली गेली, तर बॅटरीवर संशय घ्या. ती ठीक असेल तर सेल्फ मारतानाच बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर वीज वाटेतच अडतेय. इथेही ठीक असेल तर पॉझिटिव्ह बाजूची केबल, मग सेल्फची मोटर आणि फार जाड ऑइल.

आता थंडीकडे या. टेंभुर्णीच्या भागात हिवाळ्यातली पहाट फार तर दहा-पंधरा अंशांची असते. युरोपात डिझेल गाड्या शून्याखालीही सुरू होतात. म्हणजे इथली थंडी एकटी पुरेशी नाही. बॅटरी खरी झिजते ती सोलापुरी उन्हाळ्यात, चाळिशीपार उष्णतेत. तेव्हा ऑइल पातळ आणि इंजिन हलकं असतं, म्हणून अशक्त बॅटरीही निभावून नेते. हिवाळ्यात ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही घटते आणि मे महिन्यातलं नुकसान जानेवारीत दिसतं.

याच भीमेच्या खोऱ्यातलं उदाहरण घ्या. मे १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. फक्त त्या वर्षाची कागदपत्रं वाचली तर सावकाराचा जाच एवढंच दिसेल. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) चढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले होते, १८६७ पासून इंदापूरकडे शेतसारा वाढवला गेला होता, आणि भाव चढे असताना सहज मिळालेलं कर्ज मागे उरलं होतं. बरा काळ होता तोवर ते निभावलं.

तुमच्या संशोधन-आराखड्यात 'अमुकमुळे तमुक झालं' असं वाक्य असेल, तर त्याच्यासमोर तीन प्रश्न लिहा. हेच 'अमुक' दुसरीकडे असताना तसं घडलं का? नुकसान आधीच झालेलं होतं का, आणि कधी? मी वापरलेल्या शब्दाखाली दोन वेगळ्या घटना तर नाहीत ना? गाइडकडे जाण्याआधी उत्तरं दोन-दोन ओळींत मांडा. जिथे दोन ओळीही सुचणार नाहीत, त्या काळाची कागदपत्रं आधी मागवा.