बैठकीची डावी-उजवी बाजू

वैशाली नगरातील आमच्या बिऱ्हाडी गेल्या पावसाळ्यात ध्वनिपेट्यांच्या जोडीतील डावी पेटी मुकी झाली. एका ख्यालाचे अलीकडचे मुद्रण लावले, तो गवयाचा आवाज येत होता. तबला मात्र भिंतीपलीकडे गेल्यासारखा झाला. मग केसरबाई केरकरांचे जुने गाणे लावले. त्यात काहीच उणे झाले नाही. आम्ही पडलो कारकून. अशी तफावत दिसली की तिचा छडा लावल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ जयपूर संस्थानातील उनियाऱ्याचे. ते कोल्हापुरास गेले. नोकरीपायी आम्ही उलट वाटेने इकडे आलो. त्यांच्या शिष्येच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत साऱ्या बैठकीचा नाद एकाच वाटेने उतरला आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा कर्ण्यासमोर कोणी जवळ बसावे व कोणी दूर, एवढ्यावरच वाद्यांचा तोल ठरे. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक आला. जवळ-दूर अधिक नाजूक झाले, डावे-उजवे नव्हतेच.

वस्तुतः त्याची युक्ती जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर दोन बाजूंस प्रेषक मांडून श्रोत्याच्या दोन कानांस दोन निरनिराळे ध्वनी पोचविले. १९३१ साली इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन याने तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन ध्वनी कोरण्याची योजना पेटंटासाठी दाखल केली. १९४० च्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी बटण फिरवून ध्वनी या बाजूकडून त्या बाजूस सरकविण्याची सोय झाली आणि १९५८ पासून दुहेरी ध्वनीच्या तबकड्या बाजारात रुळल्या.

यातील मर्म साधे आहे. दोन्ही पेट्यांतून सारखाच निघालेला आवाज मधोमध असल्याचा भास होतो; एकीकडचा वाढविला की तो तिकडे सरकतो. म्हणूनच आमच्या उरलेल्या पेटीत मधला गवई राहिला, डावीकडचा तबलजी गेला.

परंतु बटण हाती आले म्हणून जागा ठरत नाही. १९६३ च्या बीटल्सच्या पहिल्या संग्रहाच्या दुहेरी आवृत्तीत गाणारे उजवीकडे व वाद्ये डावीकडे अशी सरळ फाळणी दिसते. मुद्रणाच्या फितीवर दोनच पट्टे होते आणि मुख्य लक्ष एकेरी आवृत्तीकडे होते, हे तिचे कारण. आपल्या बैठकीत मात्र जागांस अर्थ आहे. तबलजी बहुधा गवयाच्या उजव्या हातास, म्हणजे आपल्या डावीकडे. पेटी वा सारंगी दुसऱ्या अंगास. मागे दोन तंबोरे. गवई त्या दोन तंबोऱ्यांच्या मध्ये बसतो, नव्हे, त्यांच्या नादातच बसतो. ते दोन्ही एका कोपऱ्यात लोटले तर गाण्याचे घरच मोडते.

यास्तव मुद्रकाने श्रोत्याच्या सतरंजीवरून बैठक पाहावी, असे आम्हांस वाटते. जुन्या तबकडीत साथीदार गर्दीत मिसळले होते. नव्या मुद्रणात प्रत्येकास स्वतःची जागा मिळाली आहे. पण ज्यास जागा मिळते, त्याची ती हरवूही शकते. आमची पेटी दुरुस्त झाली. तबला पुन्हा डावीकडे वाजू लागला, तेव्हा जयपुरातील त्या खोलीत एक माणूस परत येऊन बसल्यासारखे आम्हांस वाटले.