एका दिवसाचं माथेरान

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर नातीचा फोन आला. ती पुण्याला अकरावीत शिकते. "आजोबा, नाताळच्या सुट्टीत मी भिवंडीला येतेय. आपण एक दिवस माथेरानला जाऊ या. सकाळी निघायचं, रात्री परत. प्लॅन तुम्ही करा."

इतिहासाच्या निवृत्त मास्तराला प्लॅन करायला सांगितल्यावर काय होणार! आमची ही लगेच म्हणाली, "झालं, आता सनावळ्या सुरू." तर मंडळी, त्या सनावळ्याच आज इथे लिहितो आहे. आपल्या नातेवाइकांपैकी कुणाला इकडून जायचं असेल तर वाट कळेल, आणि मला स्वतःला एक जुनी चूक कबूल करायची आहे, तीही होऊन जाईल.

आधी वाट. भिवंडी खाडीकाठचं गाव. आज लोक याला मागांचं नि गोदामांचं गाव म्हणून ओळखतात, पण एके काळी हे बंदर होतं. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली ती याच खाडीसाठी, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेसाठी. आम्हाला मात्र त्या दिवशी समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे जायचं आहे. भिवंडी रोड स्टेशनवर गाड्या मोजक्या, त्यामुळे सकाळी सहाच्या सुमारास एसटी किंवा शेअर रिक्षा पकडून कोनगाव, दुर्गाडीचा पूल असं करत कल्याण गाठायचं. तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ, पाऊण-एक तासात. हा रेल्वेमार्गही जुना आहे. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ कल्याणहून थेट खोपोलीपर्यंत पोचले होते.

नेरळला उतरलं की दोन पर्याय. मिनी ट्रेन, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. मिनी ट्रेनच्या फेऱ्या थोड्या, तिकिटं लवकर संपतात, आणि पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंदच असते. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी शटल चालते. डिसेंबरात ती अडचण नाही. माझा बेत असा, की जाताना गाडीने जायचं, कारण चढण बघायची असते, आणि येताना टॅक्सीने, कारण तोवर पाय बोलायला लागलेले असतात.

आता चुकीकडे येतो.

१९८८ साली मी आठवीच्या मुलांची सहल माथेरानला नेली होती. नेण्याआधी वर्गात माहिती सांगितली, जशी सगळे मास्तर सांगतात. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावी मुक्कामाला होता. तो तिथून डोंगर चढला, वरचं रान आणि हवा बघून खूश झाला, रामबागेच्या बाजूने उतरला. पुढच्याच वर्षी त्याने वर घर बांधलं. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेला आणि माथेरान हे साहेबांचं थंड हवेचं ठिकाण झालं. (तेव्हा माथेरान आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, आता ते रायगड जिल्ह्यात आहे.) यातलं काहीच खोटं नाही. सहलीनंतरच्या चाचणीत मी एका गुणाचा प्रश्न घातला: माथेरानचा शोध कोणी लावला?

वर्गात एक ठाकर समाजातला मुलगा होता. मूळचा कर्जतकडचा, मामाकडे राहून शिकायचा. फार बोलायचा नाही. त्याने उत्तर लिहिलं होतं, "तिथे आमचे लोक आधीपासून राहत होते." मी लाल शाईने फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "प्रश्न नीट वाच." पेपर वाटले तेव्हा त्याने तो घडी करून दप्तरात ठेवला. हुज्जत घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

कारण उत्तर त्याचंच बरोबर होतं. मी तर मराठी माध्यमात बीए केलेला माणूस, 'माथेरान' हा शब्द डोळ्यांसमोर फळ्यावर लिहिलेला होता आणि मला तो वाचता आला नाही. माथ्यावरचं रान. मॅलेटसाहेबाने वर जाऊन इंग्रजी नाव ठेवलं नाही, नाव आधीच होतं. रिकाम्या डोंगराला कोण नाव ठेवतं? १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खुद्द इंग्रजांनीच डोंगरावरच्या धनगर, ठाकर, कातकरी लोकांची नोंद केली आहे. शार्लट तलावाच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे, ते माथेरानचं ग्रामदैवत. आम्ही १९८८ मध्ये त्या देवळासमोर उभे राहून पाया पडलो, डबे खाल्ले, आणि ग्रामदैवत आहे म्हणजे ग्रामही असणार एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

मॅलेटने काहीच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. त्याच्यामुळे रस्ते झाले, बंगले झाले, मुंबईचे लोक यायला लागले. पण त्याला 'शोध' म्हणायचं की 'पाहुणा आला' म्हणायचं? पुस्तकातल्या एका शब्दाने राहणारे पुसले जातात आणि पाहुणा मालक होतो. निम्म्याहून अधिक पॉइंटांची नावं बघा ना, लुईझा, शार्लट, पॅनोरमा. मधूनच रामबाग आणि गारबट भेटतात तेव्हा बरं वाटतं.

नातीला मिनी ट्रेनमध्ये काय सांगायचं, तेही ठरवलं आहे. ही गाडी सरकारने बांधलेली नाही. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली. वडिलांनी पैसा दिला. खर्च सोळा लाख रुपये, आणि ते त्या काळचे सोळा लाख! मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी साधारण एकवीस किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. म्हणून गाडी सरळ चढत नाही, डोंगराला वळसे घालत घालत जाते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान. तोवर आपण आठशे मीटर उंचीवर आलेलो असतो. २६ जुलै २००५ च्या पावसात हे रूळ वाहून गेले, दोन वर्षांनी पुन्हा धावले. २०१९ च्या पावसात पुन्हा गेले, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. दर वेळी कुणीतरी खडीच्या पाट्या वाहून ते परत बसवले. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

पण ज्यांचं नाव लिहिलेलं आहे, तेही मी त्या सहलीत मुलांना सांगितलं नाही. तो माझा दुसरा गुन्हा. भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच जन्मले. नाभिक समाजातलं गरीब घर. शिकायला पुण्याला गेले, पुढे वकील झाले. वकिली करून मुंबईत सुखाने राहता आलं असतं. ते परत आले, माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष झाले. डोंगराखालच्या शेतकऱ्यांना पावसाळ्यात सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या.

मग १९४२ चा ऑगस्ट आला. कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला, त्यात बहुतेक याच मुलखातले शेतकरी नि आदिवासी तरुण. खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जायची. गिरण्या त्यावर चालायच्या आणि गिरण्यांचा माल इंग्रजांच्या युद्धाला जायचा. दस्त्याने रात्री जाऊन विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. करवतींनी लोखंडी पाय कापायचे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे चाललं. पुढे पोलीस मागावर लागले आणि दस्ता मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात गेला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तिथे घेरलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात पडले. कोतवालांचं वय होतं तीस.

भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट वेगळी भिडते. आमच्या गावाचं पोट विजेवर आहे. माझ्या घरामागे दिवसरात्र मागांची खटखट चालते. तिची इतकी सवय झाली आहे, की रात्री वीज गेली तर शांततेने जाग येते. वीज गेली की मागवाल्याची मजुरी गेली, कांडी भरणाऱ्या बाईची मजुरी गेली. तेव्हा मनोरे कापणाऱ्या माणसाला त्याच्या अंधाराची किंमत ठाऊक नव्हती असं मला वाटत नाही. तो गरिबाघरचाच होता. त्याने ती किंमत सगळ्यांत आधी स्वतः मोजली. हे मी आठवीच्या मुलांना सांगायला हवं होतं, त्यांतल्या निम्म्यांचे वडील मागावर होते. मी त्यांना एको पॉइंटवर नेऊन ओरडायला लावलं.

आता राहिला माझ्या गुडघ्यांचा प्रश्न. दस्तुरीच्या पुढे मोटार नाही. माथेरान २००३ पासून सरकारी नोंदीने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि मोटारींना बंदी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. मग पाय किंवा घोडा, आणि इतकी वर्षं हातरिक्षाही. २०११ मध्ये मी इथे आलो तेव्हा पाय मुरगळला आणि मी हातरिक्षात बसलो. एक जण पुढून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते. चढावर पुढच्याच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता आणि मी पाहुण्यासारखा वर बसलो होतो. उतरल्यावर पैसे जास्त दिले, पण त्याने काही हलकं झालं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही असं सांगून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचंही सांगितलं. मला ती बातमी वाचून बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, की हे कळायला आपल्याला कोर्ट लागलं.

तर बेत असा ठरला. गाडीने वर. बाजारातून हळूहळू चालत शार्लट तलाव आणि पिसरनाथ, तिथेच डबा. (ही थालीपीठं करून देणार आहे, नात मॅगी खाईल ते मला ठाऊक आहे.) मग भाई कोतवालांच्या स्मारकापाशी थोडा वेळ, घाई न करता. उरलेल्या वेळात एखादाच पॉइंट, सगळे नकोत. चारच्या आत खाली निघायचं, नाहीतर कल्याणला गर्दीत सापडतो. माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या, लाल मातीत पांढरे बूट घालायचे नाहीत, आणि पाण्याची बाटली भरून परत आणायची, वर फेकायची नाही.

आणि नातीला तो एका गुणाचा प्रश्न विचारणार आहे. ती फोनवर बघून मॅलेटचं नाव सांगेल कदाचित. मग पिसरनाथाच्या पायरीवर बसून मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगेन.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे असतो, कल्पना नाही. त्याचा एक गुण माझ्याकडे बाकी आहे. वीस गुणांच्या चाचणीत त्याला सतरा पडले होते. ते अठरा धरावेत.