सोरायसिस: रक्त अशुद्ध नाही, मग चट्टा का येतो?

"डॉक्टर, माझं रक्त अशुद्ध झालंय का? घरच्यांना लागण होईल का?" सोरायसिसचा लाल, खवले सुटणारा चट्टा दाखवताना रुग्ण हे दोन प्रश्न हमखास विचारतात. दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. हे कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

१८६७ साली बर्लिनमध्ये युलियुस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सूज येऊ लागली, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा वेग मंदावला. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटल्या आणि भिंतीतून बाहेर पडल्या. त्यांचे गुरू रुडॉल्फ फिरखो यांच्या मते पू त्याच जागच्या पेशींपासून बनत होता. शिष्याने मात्र पेशी रक्तातून येताना डोळ्यांनी पाहिल्या.

तरीही सोरायसिस हा पुढे बरीच वर्षं फक्त त्वचेच्या वरच्या थराचा आजार मानला गेला. १९७९ मध्ये संधिवातासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध वापरून पाहताना सोरायसिसचे चट्टेही निवळल्याचं दिसलं. हे औषध 'टी-पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशींना आवरतं. म्हणजे आजाराचं मूळ आपल्याच संरक्षक पेशींच्या चुकीच्या उत्साहात होतं. त्या त्वचेत शिरतात, रासायनिक संदेश सोडतात आणि त्वचा भराभर वाढू लागते. यात जंतूची लागण नाही, की रक्तातली घाणही नाही.

मग या पेशींची वाटच अडवली तर? २००३ मध्ये अमेरिकेत तसं एक औषध मंजूर झालं, एफालिझुमॅब. चट्टे कमी झाले. पण काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणूसंसर्ग झाला आणि २००९ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. ज्या पेशी त्वचेला त्रास देतात, त्याच एरवी आपलं रक्षण करतात.

म्हणून आजची नवी इंजेक्शनं सगळी वाट न अडवता ठरावीक संदेशच रोखतात. तीही सुरू करण्यापूर्वी आम्ही क्षयरोगाची तपासणी करतो. ती टाळू नका.

आणि एक विनंती: 'रक्तशुद्धी'च्या नावाखाली मिळणाऱ्या अनोळखी पुड्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असेल, तर ते अचानक थांबवल्यावर सोरायसिस उसळून येऊ शकतो. घरच्यांनाही सांगा, याला शिवल्याने काही होत नाही.