बारडोली ते परळ: कर्करोगाचे नवे उपचार आणि रुग्णाला लागणारा आधार

दक्षिण गुजरातमधील बारडोली हे नाव मराठी वाचकाला १९२८ च्या शेतसारा सत्याग्रहामुळे परिचित आहे. वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ ही उपाधी याच लढ्यात मिळाली. सुरत जिल्ह्यातील हा तालुका आज उसाचा आणि सहकारी साखर कारखान्यांचा प्रदेश आहे. दिवाळी सरली की डांग, नंदुरबार आणि धुळ्याकडील मजुरांच्या टोळ्या ऊसतोडणीसाठी येथे उतरतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत त्यांना तोड सोडता येत नाही. तंबाखू आणि सुपारीची सवय या भागात जुनी आहे आणि तिच्यामागून येणारा तोंडाचा कर्करोगही.

अशा मजुराच्या गालात न भरणारा व्रण निघाला, तर त्याच्यासमोर उभा राहणारा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. तपासणी कुठे करायची, सुरतेला जायचे की अहमदाबादला की मुंबईला, तिथे राहायचे कुठे आणि तेवढे दिवस घर कोणी चालवायचे, हे प्रश्न आधी येतात. सुरतेत उपचारांच्या सोयी वाढल्या असल्या, तरी गुंतागुंतीच्या आजारात या पट्ट्यातील अनेक कुटुंबे आजही परळची वाट धरतात. गोव्यातील रुग्णांनाही ही वाट अपरिचित नाही. म्हणूनच कर्करोगावरील नव्या संशोधनाकडे पाहताना ‘नवे काय सापडले’ याबरोबरच ‘ते कोणापर्यंत पोहोचले’ हेही तपासावे लागते. भारतातील या क्षेत्रातले सर्वांत उपयुक्त संशोधन या दुसऱ्या प्रश्नातूनच जन्मले आहे.

पायाभरणी

मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक इस्पितळ सुरू केले. १९६२ मध्ये ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचाराचा अणुविज्ञानाशी असलेला संबंध लक्षात घेता हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. १९५२ मध्ये स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र आणि हे इस्पितळ १९६६ मध्ये एका छत्राखाली आले. खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे आज या संस्थेचे संशोधनाचे मोठे केंद्र आहे.

या संशोधनाला मराठी शास्त्रज्ञांचा हातभार मोलाचा आहे. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे संशोधन केंद्राचे पहिले संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम केलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधाचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये पद्मभूषण सन्मान मिळवला. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये टाटा इस्पितळातच केले.

नव्या उपचारांचे स्वरूप

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी हे कर्करोगावरील उपचारांचे तीन जुने आधार आहेत. केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. त्यात केसांच्या मुळांतील आणि आतड्यांच्या अस्तरातील निरोगी पेशीही सापडतात. केस गळणे आणि उलट्या होणे यांचे कारण हेच. गेल्या पाव शतकात यांना दोन नव्या पद्धतींची जोड मिळाली.

पहिली पद्धत लक्ष्यवेधी औषधांची. कर्कपेशीच्या वाढीला कारण ठरणारे विशिष्ट प्रथिन ही औषधे रोखतात. दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगावरील इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि एकेकाळी जीवघेणा मानला जाणारा हा आजार रोजच्या गोळीने आटोक्यात राहू लागला. त्याच औषधाच्या सुधारित रूपावरील पेटंटचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

दुसरी पद्धत रोगप्रतिकार शक्तीला कामाला लावणारी, म्हणजे इम्युनोथेरपी. कर्कपेशी शरीराच्या रक्षक पेशींना थोपवून धरतात. निवोलुमॅबसारखी औषधे हा अडसर दूर करतात. कार-टी पेशी उपचार त्याही पुढे जातो. त्यात रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालतात. कर्कपेशीची खूण ओळखण्यास शिकलेल्या या पेशींची संख्या वाढवून त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडल्या जातात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार १९’ या देशी उपचाराचा पहिला प्रयोग जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. चाचणीत मूल्यमापन झालेल्या ५१ रुग्णांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा हा उपचार येथे त्याच्या काही अंशात मिळतो, हे मोठे यश आहे. तरीही त्याचा खर्च लाखांत जातो. शिवाय बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या, पूर्वीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या काही रक्तकर्करोगांपुरताच तो लागू आहे. ऊसतोड मजुराच्या गालातील व्रणावर त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी महत्त्वाचे ठरणारे संशोधन वेगळे आहे.

खर्च न वाढवणारे शोध

तोंडाच्या कर्करोगाच्या प्राथमिक अवस्थेत मानेतील लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्यांत रोग दिसल्यावर काढाव्यात, हा शल्यचिकित्सकांमधील जुना वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा इस्पितळात केलेल्या चाचणीने तो मिटवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ग्रंथी आधीच काढलेल्या गटातील ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या निष्कर्षाने जगभरातील शस्त्रक्रियेची पद्धत बदलली आणि त्यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील चाचणी याहून साधी. स्तनाची गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिरीकरणाचे नेहमीचे औषध टोचायचे, एवढाच बदल. देशातील ११ केंद्रांमध्ये सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध कोणत्याही शस्त्रक्रियागृहात असते आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

बळावलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबचा पूर्ण डोस बहुतेक भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर असतो. टाटा इस्पितळातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या सुमारे सहा टक्के इतकाच, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, डोस तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने दिला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. रोग बरा झाला असा याचा अर्थ नाही, परंतु महिने वाढले आणि ते परवडणाऱ्या किमतीत वाढले.

वेळेवर ओळख

जो रोग लवकर सापडतो, त्याला मोठ्या उपचाराची गरज कमी पडते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले. मुंबईतील झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल वापरून केलेल्या नुसत्या डोळ्यांच्या तपासणीने असे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिरुवनंतपुरम येथील अभ्यासात तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांच्या तोंडाची नियमित तपासणी केल्याने मृत्यूंत ३४ टक्के घट दिसली. बॅटरीचा उजेड आणि शिकलेली नजर एवढेच साहित्य त्याला लागते.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तोंडाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होणे अपेक्षित आहे. गोव्यात २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा स्तनतपासणीचा उपक्रम सुरू झाला. गुटख्यावर कायद्याने बंदी घालण्यातही गोव्याने २००५ मध्येच पाऊल उचलले होते. तोंडातील तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे आणि स्तनातील न दुखणारी गाठ ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. गाठ दुखत नाही म्हणून थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

आधार हाही उपचार

डोके-मानेच्या कर्करोगाचा किरणोपचार साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस चालतो. या काळात तोंड सोलवटते, गिळणे अवघड होते आणि वजन घटते. नळीवाटे अन्न देणे, दातांची आधीच काळजी घेणे आणि गिळण्याचे व्यायाम यांना दुय्यम मानून चालत नाही, कारण यांच्याअभावी उपचार मध्येच थांबतो आणि थांबलेला उपचार रोगाला वाव देतो.

उलट्यांचेही तसेच. ओलान्झापिन हे औषध केमोथेरपीनंतरच्या उलट्या रोखते, पण त्याच्या १० मिलिग्रॅम मात्रेने रुग्णाला दिवसभर गुंगी राहते. टाटा स्मारक केंद्रातील डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत २.५ मिलिग्रॅम मात्राही तितकीच उपयुक्त ठरली आणि गुंगी कमी झाली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेदनाशमनाची कथा अधिक दुःखद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी तोंडावाटे मॉर्फिन देण्याची पद्धत आखून दिली. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे ही स्वस्त गोळी रुग्णांपासून दुरावली. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. तरीही मॉर्फिन म्हणजे व्यसन किंवा शेवटची घटका, हा समज अजून मिटलेला नाही. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेपुरते दिलेले मॉर्फिन रुग्णाला जेवू देते, झोपू देते आणि घरच्यांशी बोलू देते.

परिहार सेवा म्हणजे केवळ अखेरच्या दिवसांची सेवा, हाही गैरसमजच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासूनच परिहार सेवा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य तर झालेच, शिवाय त्यांचे मध्यम आयुर्मानही ८.९ महिन्यांवरून ११.६ महिन्यांवर गेले. भारतातील पहिले शुश्रूषागृह ‘शांती अवेदना’ टाटा इस्पितळातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्रे येथे उभे राहिले. त्याची शाखा गोव्यात लोटली येथे आहे.

निवाऱ्याचा प्रश्नही उपचाराचाच भाग आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षे परळला येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना अल्प दरात आसरा देत आली आहे. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून निवास उपलब्ध केला. मुक्कामाची सोय नसल्याने अर्ध्यावर घरी नेलेले मूल औषधाच्या अभावी गेले असे म्हणता येत नाही.

अंतर कमी करणारी व्यवस्था

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये आज देशभरातील तीनशेहून अधिक संस्था सहभागी आहेत. एकसारखी उपचारसूत्रे ठरवणे आणि औषधांची एकत्रित खरेदी करणे ही तिची दोन मोठी कामे. चाळीस औषधांच्या पहिल्या एकत्रित खरेदीत सुमारे ८२ टक्के बचत झाली. रुग्णाला परळला यावे लागू नये, परळचे ज्ञान त्याच्या जिल्ह्यात पोहोचावे, हा यामागील विचार आहे.

आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते. नंदुरबारहून बारडोलीला आलेल्या मजुरासाठी ही तरतूद कळीची आहे, पण ती त्याला ठाऊक असली तरच. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि बांबोळीचे गोमेकॉ हा रुग्णाचा पहिला आधार आहे. काणकोण किंवा सत्तरीतील रुग्णाचे बांबोळीपर्यंतचे अंतर बारडोली ते परळच्या मानाने थोडे आहे. एवढ्या लहान राज्यात तपासणी, मॉर्फिन आणि घरपोच परिहार सेवा प्रत्येक तालुक्यात नेणे हे मोठ्या राज्यांपेक्षा सोपे काम आहे.

निदान झालेल्या कुटुंबाने डॉक्टरांना काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. रोग कोणत्या अवस्थेत आहे? उपचाराचा उद्देश रोग बरा करणे आहे की आटोक्यात ठेवणे? हाच उपचार घराजवळ मिळेल का? कोणत्या योजनेतून खर्च भागेल? आहार, वेदना आणि मनःस्थिती यांसाठी कोणाला भेटायचे? मोठ्या इस्पितळांतील वैद्यकीय समाजसेवा विभाग यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे देतो. त्या विभागाचे दार पहिल्याच भेटीत गाठावे, पैसे संपल्यावर नव्हे.