चष्म्याच्या आधी ड्रॉइंग



आपल्या मालिकेचे श्रोते इंदूरपासून बेळगावपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत. त्यांतल्या माझ्या वयाच्या लोकांना एक कोडं पडलेलं असतं. नातवंडं डोळ्यांवर काळा डबा बांधून हवेत हात मारतात, ते नक्की आहे काय? आपल्या घरात ही वस्तू खेळणं म्हणून आली, हे खरं. पण तिचा जन्म खेळण्यांच्या दुकानातला नाही. ती जन्मली ड्रॉइंग काढणाऱ्या संगणकातून, आणि बाळंतपणाचा बराचसा खर्च लष्करी खात्यांनी केला. आज तो इतिहास बघू.

सुरुवात 1963 ची. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. लिंकन प्रयोगशाळेतला टीएक्स-2 हा अवाढव्य संगणक, त्याला जोडलेला पडदा आणि हातात प्रकाशाचं पेन. पेनानं पडद्यावर रेघ ओढायची, बटणं दाबून सांगायचं की या दोन रेघा समांतर ठेव, आणि संगणक चित्र स्वतःच नीट करून देई. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. आज कॅडवर काम करणारी मुलंमुली दिवसभर जे करतात, त्याचा हा मूळपुरुष. ते पेनही एकदम आकाशातून पडलं नव्हतं. रडारच्या पडद्यावरचा ठिपका संगणकाला दाखवून द्यायला हवाई संरक्षणवाल्यांकडे प्रकाशाची बंदूक आधीपासून होती.

पुढची गोष्ट आम्हा फौजींना गंमत वाटेल अशी आहे. 1964 मध्ये सदरलँड लष्करात फर्स्ट लेफ्टनंट होता, वय 26. त्याला थेट ‘आर्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या संगणक विभागाचा प्रमुख केलं. आपल्याकडे त्या वयाच्या अधिकाऱ्याला मेसचे हिशेब सांभाळायला देतात!

त्याच सुमाराला बेल हेलिकॉप्टर कंपनीत एक प्रयोग चालू होता. रात्री हेलिकॉप्टर उतरवताना खालचं दिसावं म्हणून कॅमेरा लावायचा आणि तो पायलटच्या डोक्याबरोबर वळवायचा. डोकं डावीकडे, तर कॅमेरा डावीकडे. चाचणीसाठी कॅमेरा इमारतीच्या छतावर ठेवला आणि बघणारा माणूस आत खोलीत बसवला. छतावर कुणी कॅमेऱ्याच्या दिशेनं चेंडू फेकला की आतला माणूस मान चुकवायचा. कॅमेरा छताच्या कडेवरून खाली बघू लागला की खुर्चीत सुरक्षित बसलेला माणूस घाबरायचा. सदरलँडच्या डोक्यात इथून विचार आला, की कॅमेऱ्याच्या जागी संगणक ठेवला तर? म्हणजे जे अजून बांधलेलंच नाही, तेही माणसाला तिथे उभं राहून बघता येईल.

1968 मध्ये त्यानं हार्वर्डमध्ये ते करून दाखवलं. डोळ्यांसमोर दोन छोट्या चित्रनळ्या, अर्धपारदर्शक आरसे, आणि डोकं कुठे वळलं ते मोजायला छतापासून डोक्यापर्यंत आलेला एक दांडा. आरशातून खरी खोली दिसायची आणि तिच्यावर संगणकाची रेघांची आकृती तरंगायची. आज ज्याला एआर म्हणतात, ते हेच. त्यानं दाखवलेल्या आकृत्यांत रेघांची एक खोली होती, आणि तिच्या भिंतींवर अक्षरं होती, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम.

ती अक्षरं वाचून मला आपलं सँड मॉडेल आठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्ल्याच्या आधी जमिनीवर माती आणि रेती रचून त्या भागाची प्रतिकृती करतात. टेकड्या, नाले, पायवाटेसाठी फीत, घरांच्या जागी काड्यापेट्या. कमांडर आधी उत्तर दिशा दाखवतो, मग बाकी सगळं. नकाशा सगळ्यांकडे असतो, पण कंटूरच्या रेघांतून डोळ्यांसमोर टेकडी उभी करणं हे कौशल्य आहे, आणि रात्री दोन वाजता चढणाऱ्या प्रत्येक जवानाकडे ते असेलच असं नाही. मॉडेलभोवती उभं राहिल्यावर मात्र ज्यानं शाळा अर्धी सोडली तोही विचारतो, “साहेब, या नाल्यातून गेलं तर वरच्या बंकरला आपण दिसणार नाही ना?” हा प्रश्न नकाशावर आला नसता. डिझाइनच्या धंद्यात नकाशाच्या जागी ड्रॉइंग आहे आणि जवानाच्या जागी पाना धरणारा फिटर आहे. बोल्ट ड्रॉइंगमध्ये अगदी योग्य जागी असतो, पण तिथे मनुष्याचा हात जात नाही. वर्कशॉपमध्ये वाहनांखाली आडवं पडलेल्या कुणालाही विचारा.

एक अडचण मात्र तेव्हापासून आजपर्यंत आहे. चित्र आणि डोकं यांचा मेळ. तुम्ही मान वळवलीत आणि चित्र जरा मागे राहिलं, तर कान एक सांगतात, डोळे दुसरं, आणि पोट ढवळतं. हा उशीर साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत हवा असं या क्षेत्रातले लोक मानतात. एआरमध्ये तर दुसरी कटकट, रेघ बरोबर त्या वस्तूवरच पडली पाहिजे.

मधली वर्षं भराभर घेऊ. सदरलँड युटाला गेला आणि डेव्हिड इव्हान्सबरोबर कंपनी काढून सिम्युलेटरांची चित्रं करू लागला. अमेरिकी वायुदलात टॉम फर्नेस यांनी पायलटसाठी अख्खं कॉकपिट हेल्मेटमध्ये आणायचा घाट घातला. आणि 1988 मध्ये ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या जॉन वॉकर यांनी टिपण लिहिलं, की पडद्याच्या काचेतून बघणं पुरे, आता ड्रॉइंगच्या आत शिरू. पुढच्याच वर्षी कंपनीनं प्रात्यक्षिकही केलं, गाजलंही. पण वास्तुविशारदाच्या टेबलावर ते पोचलं नाही. चष्मे जड, चित्रं बाळबोध आणि किंमत आवाक्याबाहेर. वर्तमानपत्रांना मात्र दोन-तीन वर्षं चांगला मजकूर मिळाला.

मला जास्त आवडते ती बोइंगची गोष्ट, कारण तिच्यात दिखावा नाही. विमानात मैलोगणती तारा असतात. त्यांचे जुडगे कारखान्यात मोठमोठ्या फळ्यांवर बांधायचे. प्रत्येक जुडग्याची फळी वेगळी, तिच्यावर छापील नकाशा, खुंट्या, आणि कामगार कागद बघत तार ओढतोय. 1990 च्या सुमारास टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवलं की फळी एकच कोरी ठेवा आणि तारेची वाट कामगाराच्या चष्म्यात दाखवा. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव तिथलंच. त्यांची युक्ती नीट बघा. डोंगर, राक्षस, रंगीत शहर काही दाखवायचं नाही. फक्त एक रेघ, योग्य जागी. आणि ती रेघ आणायची कुठून? ड्रॉइंगमधून.

म्हणजे ड्रॉइंग संगणकात पाहिजे, पूर्ण पाहिजे आणि खरं पाहिजे. याच काळात बोइंग 777 हे विमान फ्रेंच ‘कॅटिया’ सॉफ्टवेअरवर त्रिमितीत डिझाइन झालं, पूर्ण आकाराची खोटी प्रतिकृती न बांधता, आणि 1994 मध्ये उडालं. कॅटियाचं मूळ मिराज विमानं बनवणाऱ्या दासो कंपनीत आहे. माझ्या मते व्हीआरच्या इतिहासात कुठल्याही चष्म्यापेक्षा हा टप्पा मोठा. डब्यात बघायला काही असावं लागतं ना! तारांच्या त्या कामाकडे बोइंग पंचवीसेक वर्षांनी, गूगल ग्लास घेऊन, परत वळली आणि वेळ सुमारे पाव हिश्शानं वाचल्याचं कंपनीनं सांगितलं.

इथे आपला संबंध येतो. कॅटियावाल्या दासो सिस्टीम्सनं 2002 मध्ये भारतीय कंपनी जिओमेट्रिकबरोबर भागीदारी केली आणि पुण्यात तिचं मोठं काम उभं राहिलं. एआरचं ‘व्हुफोरिया’ 2015 मध्ये विकत घेणाऱ्या पीटीसीचंही मोठं केंद्र पुण्यात आहे. तिथल्या मुलांशी बोललो की ती चष्म्याबद्दल कमी आणि मॉडेल हलकं करण्याबद्दल जास्त बोलतात. कारखान्याचं मॉडेल लाखो तुकड्यांचं, चष्म्यातला संगणक तळहाताएवढा. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यात त्यांचे महिने जातात. सँड मॉडेल करणाऱ्या हवालदारालाही हेच ठरवावं लागतं, फक्त त्याच्याकडे दोन तास असतात.

2012 मध्ये पामर लकी या तरुणानं ऑक्युलस हा स्वस्त चष्मा लोकांकडून पैसे गोळा करून आणला. दोन वर्षांत फेसबुकनं ती कंपनी सुमारे 2 अब्ज डॉलरला घेतली. 2021 मध्ये अमेरिकी लष्करानं मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सवर आधारलेल्या सैनिकी चष्म्यांसाठी जवळजवळ 22 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार केला. पायदळाच्या चाचण्यांत डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ या तक्रारी आल्या. कारखान्यात फळी जागची हलत नाही आणि दिवे लावलेले असतात. सैनिक पळतो, लोळतो, पावसात भिजतो, आणि अंधारात त्या चष्म्याचा उजेड बाहेर दिसला तर गोळी त्यालाच लागते. मी कंपनी कमांडर असतो तर माझ्या स्काउटच्या डोळ्यांवर तो लावू दिला नसता. त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उघडणाऱ्या कारागिराला मात्र तो आनंदानं दिला असता.

2025 मध्ये ते काम मायक्रोसॉफ्टकडून अँडुरिल या शस्त्रास्त्र कंपनीकडे गेलं. तिच्या संस्थापकांपैकी एक पामर लकीच.

सिम्युलेटरांवरून आज धावत गेलो. पायलट जमिनीवर बसून उडायला कसा शिकतो, ते पुढच्या भागात. जय हिंद.